रातराणीवर कोण?

परभणीत शिकायला असताना मी ज्या काकांच्या माडीवर भाड्याने राहिलो, त्यांच्या अंगणात न्हाणीघराच्या भिंतीला एक काळा फळा ठोकलेला होता. रोज सकाळी आंघोळ झाली की टॉवेल गुंडाळून, ओल्या अंगानेच काका त्यावर खडूने घराच्या ड्युट्या लिहायचे. पहिल्या ओळीत काकू: स्वयंपाक, नंतर बाजार. त्याखाली स्वतः: दळण. त्याखाली मी: सकाळी कॉलेज, संध्याकाळी पाणी भरणे. आणि माझ्याखाली बैठकीतला पंखा: विश्रांती.

काकांचं म्हणणं असं की, सलग दोन ड्युट्या कोणालाच देऊ नयेत, मग तो पंखा असला म्हणून काय झालं. त्यामुळे एक दिवस बैठकीतला पंखा फिरायचा आणि दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीतला. परभणीच्या उन्हाळ्यात अंगाची लाही होत असली तरी यात बदल नाही. पाहुणे आले तर त्यांना त्या दिवशी ज्या खोलीतला पंखा कामावर असेल तिथे नेऊन बसवायचे, मग ती खोली स्वयंपाकाची का असेना. छत्र्या दोन, चपलांचे जोड दोन, सगळे आलटून पालटून. एकदा काकूंनी फळ्यावरचं आपल्या नावापुढचं सगळं पुसलं, तिथे 'रजा' असं लिहिलं आणि शेजारणीकडे जाऊन बसल्या. काका फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी खाली 'मंजूर' लिहून सही केली आणि आत जाऊन खिचडी टाकली. खिचडी खारट झाली होती, पण नियमाप्रमाणे झाली होती.

काका बस डेपोतून रिटायर झालेले. तिथे त्यांचं काम एकच. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर आणि कोणता कंडक्टर जाणार ते ठरवायचं आणि फळ्यावर लिहायचं. हे काम त्यांनी आयुष्यभर केलं आणि त्यातून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं. "माणूस वाईट नसतो," ते म्हणायचे, "त्याला गाडी चुकीची दिलेली असती." तापट कंडक्टर बाजाराच्या गाडीवर टाकायचा, कारण तिथली गर्दी त्याच्याहून तापट असते. बडबड्या माणसाला मुक्कामी गाडी द्यायची, म्हणजे ज्या गावात रात्री गाडी थांबते तिथले लोक त्याला आयते श्रोते मिळतात. रिटायर झाल्यावर ही सगळी विद्या रिकामी पडली आणि पंखे, छत्र्या, चपला आणि भाडेकरू यांच्या वाट्याला आली.

काका तोंडाने कमी आणि खडूने जास्त बोलायचे. मी माडीवर मोठ्याने गाणी म्हणायचो. त्याबद्दल मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. सकाळी फळ्यावर दिसलं: 'माडी: गाणे, निम्म्या आवाजात.' त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांचा होकार आल्याचं तिला फळ्यावरूनच कळलं होतं. ती माहेरी आली की अजून हे सांगायची आणि काका तेवढ्यापुरते दळणाला निघून जायचे.

काकू म्हणायच्या, "ह्यांना देवानं तोंड निस्तं जेवायला दिलंय."

आता थोडं माझं. मी चुडाव्याजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई-बाप काही हिवाळे ऊसतोडीला जायचे, तेव्हा मी थोरल्या बहिणीच्या घरी राहून शाळा केली. कोणाला दया यावी म्हणून हे सांगत नाही. कृषी पदवीचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून दारासमोर लावलंय, येणाऱ्याला आधी तेच दिसतं. हे सांगणंही त्यातलंच समजा.

तर, तिसऱ्या वर्षाला असताना मी एक जुना लॅपटॉप घेतला आणि वर्गातल्या एका मित्राने मला अमेरिकेतल्या फुटबॉलचा एक खेळ लावून दिला. नेटवर फुकट होता. खेळ म्हणजे काय, तर एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर रंगीत ठिपके. चेंडू फेकायचा नाही, पळायचं नाही. आपण कोच. समोर जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातला दुसरा कोच. दोघांनी फक्त माणसं निवडायची आणि पुढे ठिपके जे करतील ते बघायचं. मित्राचा उत्साह पंधरा दिवसांत संपला, माझा टिकला.

एका रविवारी दुपारी काका माझ्या खोलीतला बल्ब तपासायला वर आले. बल्बही ते पाळीपाळीने बदलत असत. मी लॅपटॉपला डोळे लावून बसलेलो.

"काय करायलायस?"

"खेळायलोय, काका."

"पळायलंय कोण?"

"ठिपके पळत्यात. आपण निस्तं ठरवायचं, आत कोण जाणार अन् बाहेर कोण बसणार."

काका हातात बल्ब घेऊन खाली बसले. "आता जे बोल्लास ते पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. दोन्हीकडचे अकरा-अकरा जण. समोरचा चेंडू घेऊन आपल्याकडे येणार. एकतर तो पोटाशी धरून मधून घुसणार, नाहीतर आपल्या डोक्यावरून लांब फेकणार. घुसणार असेल तर आपल्याकडे पुढच्या रांगेत जाडजूड माणसं पाहिजेत, फेकणार असेल तर मागच्या रांगेत हलकी, पळणारी माणसं पाहिजेत. पण अकराच्या वर एकही माणूस आत जात नाही. एक पळणारा आत घ्यायचा तर एक जाड्या बाहेर बसवावा लागतो. प्रत्येक डावाआधी समोरच्याने कोण कोण पाठवलंय ते दिसतं आणि ते बघून आपल्याला अर्ध्या मिनिटात आपली माणसं ठरवायची असतात. या ठरवण्याचे तयार संच असतात, त्यांना इंग्रजी नावं आहेत. बेस म्हणजे नेहमीचा संच. निकल म्हणजे मधल्या फळीतला एक काढून एक पळणारा वाढवलेला. डाइम म्हणजे दोन काढून दोन वाढवलेले, मधल्या फळीत एकच माणूस उरलेला. आणि गोल लाइन म्हणजे चेंडू अगदी आपल्या दाराशी आल्यावर जेवढे जाडे असतील तेवढे दारात उभे केलेले.

काकांनी एकच शंका विचारली. "याला फुटबॉल काहून म्हणत्यात? पायाला तर लागंना." मग त्यांनी बल्ब बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हे तर डेपोचंच काम हाय."

त्या दिवसापासून आमची वाटणी झाली. चेंडू आपल्याकडे असला की हल्ला मी सांभाळायचा आणि समोरच्याकडे असला की बचाव काकांनी. इंग्रजी नावं त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडीत काढली. बेसला ते 'साधी' म्हणायला लागले, निकलला 'जलद', गोल लाइनला 'जत्रा'. आणि डाइमला, म्हणजे लांब फेकीसाठीच्या हलक्याफुलक्या संचाला, 'रातराणी'. रातराणी म्हणजे रात्रभर धावून सकाळी पुण्याला पोचणारी लांब पल्ल्याची गाडी. डेपोत तिच्यावर निवडक माणसं जातात.

खेळाडूंची नावं बदलायची सोय खेळात होती. काकांना ती कळली आणि आमच्या संघात सगळा डेपो उतरला. पुढच्या फळीतला सगळ्यात जाड ठिपका म्हणजे मेकॅनिक गायकवाड. वाऱ्यासारखा पळणारा म्हणजे कंडक्टर पिंटू, जो खऱ्या आयुष्यातही चालत्या गाडीत चढायचा. एकाला त्यांनी कॅन्टीनवाल्याचं नाव दिलं, तो कधीच वेळेवर पोचायचा नाही.

पहिला हंगाम आम्ही सपाटून हरलो. त्याचं कारण मला उशिरा कळलं. मोक्याच्या वेळी आमचा पिंटू बाहेर बसलेला असायचा. मी विचारलं तर काका शांतपणे म्हणाले, "मागच्या दोन डावांत पळालाय त्यो. साप्ताहिक सुट्टी हाय त्याची." मी कपाळाला हात लावला. ठिपके दमत नाहीत, दमले तर पडद्यावर तसं दिसतं, हे मी आकडे दाखवून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझ्या नावापुढे लिहिलं, 'ठिपक्यांविषयी बोलणे: बंद.'

पण त्यांची ही पद्धत दुसऱ्या हंगामात फळाला यायला लागली. समोरचे कोच आमच्या संचांचा अंदाज बांधायचे, आणि काका कोणाला कधी सुट्टी देतील याचा अंदाज काकूंना आला नाही तर कुठल्या परदेशी माणसाला काय येणार. समोरचा चार जाडे पाठवायचा आणि काका पडद्याकडे बघून म्हणायचे, "हा जत्रेचं सोंग करायलाय, फेकणार हाय." त्यांना माणसाचं सोंग ओळखता यायचं. पोट दुखतंय म्हणून सुट्टी मागणारी माणसं त्यांनी आयुष्यभर खिडकीतून बघितली होती.

सगळ्यांना सुट्टी मिळायची, एका ठिपक्याला सोडून. मधल्या फळीतला चोपन्न नंबर. साधी असो, जलद असो, जत्रा असो, चोपन्न कायम आत. रातराणीत मधल्या फळीतला एकच माणूस उरतो आणि तो चपळ असावा लागतो, तिथेही चोपन्नच. त्याचं नाव काकांनी ठेवलं होतं रशीद.

हा रशीद कोण, असं मी विचारलं तेव्हा काका दळणाला निघून गेले. सांगितलं काकूंनी, शेंगा फोडता फोडता.

रशीदचाचा आणि काका डेपोत एकाच दिवशी लागलेले. दोघांचा डबा एक. ईदला काका त्यांच्याकडे आणि पोळ्याला चाचा इकडे. चाचा रातराणी चालवायचे आणि ती त्यांची शान होती. कडक इस्त्री, कानात अत्तराचा फाया, आणि गाडी सुटताना डेपोतली पोरं बाजूला सरायची. एका रात्री देवगाव फाट्यावर उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे दिवा नाही. चाचांना ती दिसलीच नाही. कंडक्टर ओरडला म्हणून ब्रेक लागला. हातभर अंतरावर गाडी थांबली. वरच्या बॅगा खाली आल्या, माणसाला खरचटलं नाही. पण कंडक्टरने परत आल्यावर काकांच्या कानावर घातलं की ट्रॉली दिसण्यासारखी होती, रशीदभाईलाच दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा डबा घेऊन, इस्त्री करून आले. फळ्यावर रातराणीपुढे दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. रशीदपुढे लिहिलं होतं: चुडावा लोकल.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. चावी घेतली अन् गेला. त्या दिवसापासून ह्यांना साहेब म्हणतो. घर दोन गल्ल्या सोडून हाय, पण आमच्या दारावरून जात न्हाई. पुढं डोळ्याचं आपरेशन बी झालं, आता सुईत दोरा ओवतो म्हणं. पण बोलणं न्हाई."

मला एकदम आठवलं. त्या चुडाव्याच्या लोकलने मी बरेच दिवस शाळेला गेलोय. इस्त्रीचा शर्ट घातलेला, अत्तराचा वास येणारा ड्रायव्हर. गाडी वेळेच्या आधी एक मिनिट नाही, नंतर एक मिनिट नाही. आणि तो कोणाशी कधी एक शब्द बोलायचा नाही.

मी काकांना एकदाच छेडलं. म्हटलं, तुम्ही बरोबरच केलं ना? काका म्हणाले, "गाडीत पन्नास माणसं झोपलेली असत्यात. पुन्हा तसंच करंन." आणि वर म्हणाले, "पण डबा मातर एकट्यानं खाल्ला जात न्हाई." काकांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब भाषण.

पुढची करणी काकूंची. त्यांनी दूधवाल्याजवळ सहज बोलून ठेवलं की आमच्याकडे माडीवर रशीदभाईचं नाव घालून खेळ चालतो. दूधवाल्याकडून ते टपरीवर गेलं आणि टपरीवरून चाचांकडे पोचेपर्यंत त्याचा पार सट्टा झाला होता. पुढच्या रविवारी जिन्यात चपलांचा आवाज आला आणि दारात इस्त्रीचा पांढरा शर्ट उभा राहिला.

काकांकडे न बघता ते मला म्हणाले, "माझं नाव कोणत्या जुव्यात घातलंय, दाखव."

मी घाबरत लॅपटॉप फिरवला आणि चोपन्न नंबर दाखवला. चाचांनी चष्म्याशिवाय नाव वाचलं. मग विचारलं, "हा करतो काय?"

"मधी उभा राहतो. येईल त्याला अडवतो."

"जमतं का त्याला?"

मी काकांकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघत होते. "पहिल्यासारखं न्हाई," मी म्हणालो. "पण सुट्टी घेत न्हाई."

चाचा खाटेच्या कडेला टेकले. एक डाव बघून जातो म्हणाले आणि दिवे लागेपर्यंत बसले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. नावावर लक्ष ठेवायला आलोय, असं त्यांनी जिन्यातच काकूंना सांगितलं. मग दर रविवारी यायला लागले. पण काकांशी बोलायचं नाही. बोलायचं ते माझ्यामार्फत, आणि आम्ही तिघं एका खाटेवर मांडीला मांडी लावून बसलेलो.

"साहेबांना सांग, गायकवाडाला पुढं घ्या. समोरचा घुसणार हाय."

मी काकांकडे मान वळवायचो. काका म्हणायचे, "सांग त्यांना, गायकवाडाची जेवणाची सुट्टी हाय."

"सांग साहेबांना, गायकवाड खरंच जेवायला गेला तर दोन गाड्यांचं सामान संपवून येतो."

यावर काका हसायचे, पण तेही माझ्याकडे बघून. मला पोस्टमन झाल्यासारखं वाटायचं. शिक्षणाचा एवढा उपयोग होईल असं आमच्या घरात कोणाला वाटलं नव्हतं.

आता अडचण अशी की या खेळात खेळाडूंचं वय वाढतं. हंगाम सरला की ठिपका म्हातारा होतो. चोपन्नच्या पळण्याचा आकडा हंगामागणिक उतरत चालला होता. समोरच्या हुशार कोचांना ते कळलं होतं आणि ते मुद्दाम त्याच्या डोक्यावरून फेकायचे. मी काकांना एकटं गाठून सांगितलं की बाकी सगळीकडे राहू द्या, पण रातराणीत तरी त्याच्या जागी पिंटूला घ्या. काका ऐकेनात. सकाळी फळ्यावर, पाणी भरण्याच्या खाली, ठळक अक्षरात: 'रातराणी: रशीद. कायम.'

चाचा त्या वेळी पाण्याचा तांब्या घ्यायला अंगणात थांबले होते. त्यांनी तो फळा वाचला. त्या दिवशी जिना चढायला त्यांना जरा वेळ लागला.

आणि अशा संघाने त्या हंगामात फायनल गाठली.

समोरचा कोच अमेरिकेतलाच होता. त्यांच्याकडे रविवारची रात्र म्हणजे आपल्याकडे सोमवारची सकाळ, म्हणून मी कॉलेज बुडवलं. तसं फळ्यावर रीतसर मांडलेलंही होतं. काकूंनी मुरमुऱ्यांचा सुशीला करून वर आणून ठेवला. चाचा सकाळीच आले, अत्तर लावून. काका आंघोळ करून, डेपोतला जुना खाकी शर्ट घालून बसले. मला वाटलं होतं की गंमत आहे म्हणून आपण खेळतोय. त्या दोघांचे कपडे बघून मला घाम फुटला.

सामना मी सगळा सांगत नाही. मी हल्ला बरा केला, हे मात्र सांगतो. काकांनी त्या माणसाला अक्षरशः नाचवलं. त्याने घुसायचं ठरवलं की दारात जत्रा उभी, त्याने फेकायचं ठरवलं की पिंटू तिथे आधीच पोचलेला. शेवटचा डाव उरला तेव्हा आम्ही चार गुणांनी पुढे होतो. तो मैदानाच्या निम्म्यावर होता. त्याला आता एकच मार्ग उरला होता, लांब फेकायचा. ती फेक पडली की आम्ही जिंकलो, झेलली गेली की तो जिंकला.

त्याने माणसं पाठवली. त्यात चार हलकी, पळणारी. सोंग नव्हतं, उघड होतं. अर्ध्या मिनिटाचं घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात उलटं चालू झालं.

काकांनी रातराणीवर बोट नेलं. संच उघडला. मधल्या फळीत एकच जागा आणि तिच्यात चोपन्न. शेजारी बाकावर पिंटू बसलेला. नुसतं बोट ठेवायचं होतं. बोट हललं नाही.

चाचा पुढे वाकले. "साहेबांना सांग," ते मला म्हणाले, "त्या चोपन्नच्या डोक्यावरून जाणार हाय."

"रातराणी रशीदची हाय," काका पडद्याकडे बघत म्हणाले.

"रशीदला दिसत न्हाई."

सुशीला गार होत होता.

"फाट्यावर बी दिसलं न्हवतं," चाचा म्हणाले. आता ते माझ्याकडे बघत नव्हते. "ट्रॉली म्हशीएवढी उभी होती अन् मला दिसली न्हाई. मला तवाच कळलं. तुज्या आधी कळलं."

काकांनी मान वळवली. "मंग एवढी वर्षं काहून?"

"फळ्यावर वाचलं मी, म्हणून. डबा घेऊन आलतो. मागं पोरं उभी. अन् तू समोर खिडकीत बसलेला, मान खाली घालून. एक हाक मारायची होती. रशीद, रातराणी सोड म्हणायचं होतं. माझ्या हातानं चावी दिली असती की तुला."

काका खाटेवर पुरते वळले. त्यांच्या तोंडाला या कामाची सवय नव्हती, ते दिसत होतं. हात उगाच हवेत हलला, खडू शोधत असल्यासारखा. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"रशीद," ते म्हणाले, "रातराणी सोडतो का?"

"सोडली," चाचा म्हणाले. "विचारायला पैसं लागलं असतं का?"

काका हसायला लागले, ते थांबेनात. मग चाचाही हसायला लागले. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, चाचांनी तो झटकला आणि परत ठेवू दिला. डबा तुज्या वहिनीच्या हातचाच आणत होतो रे त्या दिवशी बी, असं काहीतरी चाचा म्हणत होते. मी त्या दोघांकडे बघत होतो, आणि अचानक मला पडद्याची आठवण झाली.

घड्याळ कधीच संपलं होतं. कोचने वेळेत ठरवलं नाही तर खेळ आधीचाच संच पाठवतो. मैदानात चोपन्न उभा होता. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. तो वळला, धावला, आणि जसा धावायला हवा होता तसाच धावला, फक्त हळू. समोरच्याचा ठिपका चेंडू झेलून आमच्या दारात जाऊन थांबला.

मी त्या फायनलसाठी कॉलेज बुडवलं होतं, इतके हंगाम डोळे फोडले होते. मी त्या दोघांना म्हणालो की आपण हरलो. चाचा काकांना सांगत होते की त्या रात्री बॅगा खाली पडल्या तेव्हा एका म्हातारीचं लोणचं पुढच्या माणसाच्या डोक्यावर सांडलं आणि तो पुण्यापर्यंत शिव्या देत गेला. काका डोळे पुसत होते. मी पुन्हा म्हणालो, हरलो आपण. काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, जशी कोणी वीज आली म्हणून सांगितल्यावर डोलावतात, आणि म्हणाले, "मंग? पुढं काय झालं लोणच्याचं?"

काकू जिन्यातून डोकावल्या. मला विचारलं, काय झालं. मी सांगितलं, हरलो. त्यांनी आत एकदा बघितलं, गार सुशीला उचलला आणि गरम करायला घेऊन गेल्या. चमचे मात्र दोनच ठेवून गेल्या, एका ताटलीत. माझा चमचा कोणाच्या लक्षात आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला खाली आलो तर फळा कोरा. काका अंगणाच्या मधोमध उभे राहून ड्युट्या तोंडाने सांगत होते. काकूंना स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, मला न्हाणीघराच्या दारावर थाप मारून सांगितलं, शेजारणीला तिची काही ड्युटी नसताना भिंतीवरून सांगितलं. असं आठवडाभर चाललं. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेवटी काकूंनीच बाजारातून खडूचा डबा आणून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, लिवत होते तेच बरं होतं.

काका पुन्हा लिहायला लागले. पण पदवी घेऊन मी ती खोली सोडली त्या सकाळचं मला आठवतं. पेटी घेऊन मी बैठकीत निरोप घ्यायला उभा होतो. बाहेर फळ्यावर बैठकीतल्या पंख्यापुढे विश्रांती लिहिलेलं होतं. काका आत आले, बटणावर हात ठेवला आणि थांबले. मान वर करून त्यांनी फिरत्या पंख्याकडे बघितलं.

"आज बसतो का जरा?" त्यांनी त्याला विचारलं, आणि मग बटण बंद केलं.